रिसायझिंग डाय आणि रायफलचे चेंबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे बाटलीच्या मानेसारखी निमुळती पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच (.३०८ विंचेस्टर, .२२३ रेमिंग्टन, .३०-०६ वगैरे), रिलोड करणाऱ्यांसाठी आहेत. रिसायझिंग डाय म्हणजे झाडलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा पोलादी साचा, आणि चेंबर म्हणजे बॅरलमधली काडतूस बसण्याची जागा. प्रेस कशी चालते, ल्यूब कशी लावतात हे ठाऊक आहे असे धरले आहे. पावडर किती भरायची याबद्दल इथे काहीही नाही. ते छापील लोड डेटातच पाहावे. मापे इंचात दिली आहेत, कारण या कामातली बहुतेक अवजारे इंचातच बोलतात. नुसते 'हजारांश' लिहिले असेल तिथे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर समजावे.

डायही स्टँडर्ड, चेंबरही स्टँडर्ड. मग जुळवायचे काय उरते?

स्टँडर्ड म्हणजे एक नेमके माप नसते, एक पट्टा असतो. अमेरिकेत 'सॅमी' (स्पोर्टिंग आर्म्स अँड ॲम्युनिशन मॅन्युफॅक्चरर्स इन्स्टिट्यूट, स्थापना १९२६) आणि युरोपात सीआयपी या संस्था काडतुसाचे आणि चेंबरचे माप कुठून कुठपर्यंत चालेल ते ठरवतात. सॅमीच्या आकड्यांत .३०८ विंचेस्टरच्या चेंबरचे हेडस्पेस (बुडापासून खांद्यावरच्या, म्हणजे मानेखालच्या उतारावरच्या, ठरलेल्या व्यासापर्यंतचे अंतर) १.६३० ते १.६४० इंच असू शकते आणि काडतुसाचे १.६२७ ते १.६३४. सर्वांत मोठे चेंबर आणि सर्वांत आखूड काडतूस एकत्र आले, तर १३ हजारांश मोकळी जागा राहते आणि दोघेही नियमात असतात. उलट टोकाला काडतूस चेंबरपेक्षा ४ हजारांश लांब निघू शकते, म्हणजे बोल्ट बंद होताना खांदा किंचित चेपला जाईल. नियमाला तेही मंजूर आहे.

डाय बनवणाऱ्याला तुमची रायफल माहीत नसते. त्याच्या डायमधून निघालेली पुंगळी जगातल्या सर्वांत तंग चेंबरमध्येही गेली पाहिजे, म्हणून तो डाय लहान मापाच्या बाजूला ठेवतो. रायफल कारखान्याला उलटी काळजी असते: कुणाचेही, थोडे मळलेलेसुद्धा काडतूस आत गेले पाहिजे. म्हणून चेंबर सैल बाजूला जाते. तंग डाय आणि सैल चेंबर यांच्यामध्ये पितळ दर फेरीला ताणले आणि दाबले जाते.

त्याने बिघडते काय?

फायरिंग पिन प्रायमरवर आदळली की काडतूस पुढे सरकून खांद्यावर टेकते. मग दाब वाढतो. पुंगळीची पुढची भिंत पातळ असल्यामुळे ती फुगून चेंबरला घट्ट चिकटते. बुडाजवळची भिंत जाड असते, ती तशी चिकटत नाही. मागे मोकळी जागा असेल तर बूड बोल्टच्या तोंडापर्यंत मागे सरकते, पुढचा भाग जागचा हलत नाही, आणि ताण या दोन भागांच्या सांध्यावर, बुडाच्या जाड भागाच्या जरा वर पडतो. पुढच्या वेळी डाय खांदा पुन्हा मागे लोटते आणि हेच पुन्हा घडते. तिथली भिंत आतून पातळ होत जाते आणि एके दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात. अशा वेळी तापलेला वायू मागच्या बाजूला येऊ शकतो. नेम धरताना चेहरा तिथेच असतो.

आधी मिळणाऱ्या खुणा दोन. बाहेरून बुडाच्या वर एक चकचकीत कडे दिसते. आतून पाहायचे तर कागदाची पिन सरळ करून तिचे टोक काटकोनात वाकवा आणि भिंतीवरून खालून वर ओढा. खाच लागली तर पुंगळी भंगारात. फक्त कड्यावर भरवसा ठेवू नका, कारण डायच्या घर्षणानेही तसेच कडे उमटते. पिन खोटे सांगत नाही.

पुंगळी दर वेळी बरीच लांब होऊन छाटावी लागते का, याकडेही लक्ष द्या. छाटलेले पितळ मागच्या भिंतीतूनच पुढे आलेले असते.

माझ्या चेंबरचे माप कसे कळणार?

त्याच रायफलीतून झाडलेली पुंगळी हा चेंबरचा ठसाच असतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: पितळ उसळून थोडे मागे येते, म्हणून पुंगळी चेंबरपेक्षा कणभर लहानच असते. शिवाय नवी पुंगळी पहिल्याच बारात चेंबर पूर्ण भरेल असे नाही, विशेषतः लोड हलका असेल तर. म्हणून काही पुंगळ्यांची फक्त मान साइज करून त्या दोन-तीन वेळा झाडा, बोल्ट बंद होताना हाताला किंचित विरोध जाणवेपर्यंत. तेव्हा घेतलेले माप हा तुमचा खरा पाया.

मापण्याआधी प्रायमर काढा. प्रायमरच्या बुडाला आलेला फुगवटा किंवा पिनच्या खड्ड्याची वर आलेली कड हेडस्पेसच्या आकड्यात मिसळते आणि मग सगळा हिशेब चुकतो.

चार मापे घ्या: बुडापासून खांद्यावरच्या ठरलेल्या व्यासापर्यंतचे अंतर (कॅलिपरला लावायच्या कंपॅरेटरने), बुडाच्या सुमारे ०.२०० इंच वर अंगाचा व्यास, खांदा सुरू होतो तिथला व्यास आणि मानेचा बाहेरचा व्यास. व्यासांसाठी कॅलिपर पुरत नाही, दहा-हजारांश दाखवणारे मायक्रोमीटर हवे. कंपॅरेटरचा आकडा छापील १.६३० शी जुळला नाही तर घाबरू नका. त्याच्या भोकाची कड आणि कंपनीची पद्धत यामुळे तो आकडा फक्त तुलनेपुरता असतो. झाडलेली पुंगळी आणि साइज केलेली पुंगळी यांतला फरकच तुम्हाला हवा आहे.

सेरोसेफचा साचा घ्यावा का?

जुनी, ओळखपाळख नसलेली किंवा कुणी रीमर (चेंबर कापायचे हत्यार) फिरवून बदललेली रायफल असेल तर जरूर. हा बिस्मथचा मिश्रधातू ७० ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. ओतल्यावर पहिला अर्धा तास तो आकसतो, म्हणून चेंबरमधून सहज निघतो. मग तो फुगू लागतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या मापाशी येतो. मापे तेव्हाच घ्यायची. नंतर तो आणखी फुगत राहतो.

डायच्या कागदावर लिहिले आहे: शेलहोल्डरला टेकवा आणि वर एक अष्टमांश ते पाव फेरी द्या. ते चूक आहे का?

त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे, कारण तसे केल्यावर पुंगळी कुठल्याही चेंबरमध्ये जाईल. पण तुम्हाला ती एकाच चेंबरमध्ये घालायची आहे. नेहमीच्या डायचे आटे इंचाला १४ असतात, म्हणजे एक पूर्ण फेरी ७१ हजारांश आणि एक अष्टमांश फेरी जवळपास ९ हजारांश. त्यातला काही भाग प्रेसच्या लवचिकतेत जातो हे खरे, तरीही आपण ज्या एक-दोन हजारांशासाठी झटतो आहोत त्यापुढे हे घाऊक माप झाले. एक हजारांश हवा तर डाय सुमारे पाच अंश फिरवायची. बॉडीवर मार्करने रेघ मारून ठेवली की हे डोळ्यांनी जमते.

मग डाय बसवायची कशी?

शेलहोल्डर वर आणा, डाय त्याला टेकेपर्यंत खाली घ्या आणि मग एक पूर्ण फेरी वर उचला. झाडलेली, प्रायमर काढलेली, ल्यूब लावलेली पुंगळी साइज करा आणि मापा. इथे बहुतेक जण चकतात: आकडा कमी होण्याऐवजी वाढतो. डाय आधी अंग दाबते, खांद्याला अजून शिवलेलीही नसते, आणि दाबलेले पितळ वाट मिळेल तिकडे, म्हणजे पुढे जाते. खांदा दोन-तीन हजारांश पुढे सरकलेला दिसेल. अशी अर्धवट साइज केलेली पुंगळी न साइज केलेल्या पुंगळीपेक्षाही चेंबरमध्ये जास्त अडते. 'डाय थोडी वर ठेवली म्हणजे पितळाला कमी त्रास' हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे.

आता डाय थोडी थोडी खाली घ्या, आधी एक अष्टमांश फेरीने, मग त्याहून बारीक. प्रत्येक टप्प्याला नवी झाडलेली पुंगळी वापरा. एकच पुंगळी पुन्हा पुन्हा दाबली तर आकडा फसवतो. एका जागी आकडा वाढायचा थांबतो आणि उतरू लागतो. तिथे डाय खांद्याला भिडली. तिथून पुढे पाच-पाच अंशांनी जा आणि हव्या आकड्यावर थांबा. मापे पूर्ण स्ट्रोकनंतर, एक्सपँडर (मान आतून उघडणारा डायमधला गोळा) मानेतून बाहेर आल्यावर घ्या. एक्सपँडर कोरडा असेल तर तो मानेसकट खांदाही पुढे ओढतो आणि वर जमवलेले खाली बिघडते.

खांदा किती मागे लोटायचा?

बोल्ट ॲक्शनमध्ये पूर्ण भरलेल्या चेंबरच्या मापापेक्षा १ ते २ हजारांश. समजा तुमच्या कंपॅरेटरवर झाडलेली पुंगळी १.६३२५ दाखवते, तर साइज केल्यावर १.६३१० आली की झाले. सेमी-ऑटोमध्ये ३ ते ४ हजारांश ठेवा. तिथे बोल्ट हाताने नव्हे, स्प्रिंगने बंद होतो आणि अडलेली पुंगळी कळायला मधे हात नसतो. एम१ गॅरंडसारख्या रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट पुढे येताना प्रायमरला हलकेच टोचते. पुंगळी अडून बोल्ट पुरता न लागताच बार उडाला तर त्याची किंमत रायफल आणि माणूस दोघेही मोजतात. सेमी-ऑटोमध्ये आणखी एक खोच आहे: पुंगळी बाहेर खेचली जाताना आत थोडा दाब शिल्लक असतो, त्यामुळे तिचा खांदा चेंबरपेक्षाही पुढे गेलेला दिसू शकतो. तिचा आकडा चेंबरचा म्हणून धरू नका.

शिकारीला, त्यातही अंगावर येणाऱ्या जनावरासमोर वापरायची काडतुसे असतील तर मी पितळाच्या आयुष्याचा विचार सोडून मोकळीक वाढवेन आणि प्रत्येक काडतूस आधी, सुरक्षित ठिकाणी, रायफलीतून फिरवून पाहीन.

कंपॅरेटर नसेल तर?

बोल्टमधून फायरिंग पिनचा संच आणि जमत असेल तर इजेक्टर काढा. स्प्रिंगचा जोर गेला की हँडल स्वतःच्या वजनाने पडते. रिकामी साइज केलेली पुंगळी घालून पाहा. हँडल शेवटच्या टप्प्यात अगदी किंचित अडून पडले की डाय जागेवर आहे, मग आणखी पाच अंश. कंपॅरेटर असला तरी एकदा ही परीक्षा करावी असे मी म्हणेन. आकडे वाचण्यात चूक होऊ शकते, चेंबरला चूक करता येत नाही.

खांद्याचे माप अचूक आहे, तरी बार झाल्यावर बोल्ट उचलताना शेवटी 'टक्' करून अडतो. का?

रिलोडिंगवर इतके बोलले जाते आणि त्यातले बहुतेक खांद्याभोवतीच फिरते. बुडाजवळच्या व्यासाकडे कुणी पाहत नाही. खांदा डाय वर-खाली करून बदलता येतो. अंगाचा व्यास बदलता येत नाही, कारण तो डायच्या पोलादात कायमचा कापलेला असतो. म्हणून डाय 'जुळते' की नाही हा खरा प्रश्न तिथला आहे.

बुडाच्या ०.२०० इंच वर मायक्रोमीटर लावा. झाडलेली पुंगळी समजा ०.४७०८ आहे आणि डायमधून निघालेलीही ०.४७०८, तर डायने त्या जागेला हातच लावला नाही. पुढच्या बाराला पितळाला फुगून परत आकसायला जागा उरत नाही, ते चेंबरला चिकटून बसते आणि बोल्ट उचलताना टक् होते. तिथे अर्धा ते एक हजारांश फरक पडला पाहिजे. तीन-चार हजारांशांहून जास्त पडत असेल तर डाय तुमच्या चेंबरसाठी फारच तंग आहे. पितळ लवकर कडक होईल आणि सांधाही लवकर थकेल.

चेंबर तंग रीमरने, सॅमीच्या किमान मापाला धरून कापलेले असेल तर हा त्रास हमखास येतो. .३०८ च्या चेंबरचे बुडाजवळचे किमान माप ०.४७१४ आहे आणि कारखान्याच्या काडतुसाचे कमाल ०.४७०३. दोहोंमध्ये अंतर असे फारसे नाहीच. शिवाय शेलहोल्डरची जाडी आणि डायच्या तोंडाची गोलाई यामुळे बुडालगतचा थोडा भाग कुठल्याच डायमध्ये शिरत नाही.

डायला दोष देण्याआधी मात्र लोड पाहा. दाब जास्त असला की बुडाजवळचे पितळ कायमचे फुगते आणि मग कुठलीही डाय पुरत नाही. नव्या पुंगळीतही दुसऱ्या-तिसऱ्या बाराला टक् होत असेल, प्रायमरची जागा सैल पडत असेल, तर उपाय पावडर कमी करणे हा आहे, नवी डाय नव्हे.

म्हणजे स्मॉल-बेस डाय सगळ्यांनीच घ्यावी?

नाही. ती बूड नेहमीच्या डायपेक्षा थोडे जास्त दाबते. तंग चेंबरच्या काही सेमी-ऑटोंना आणि दुसऱ्याच रायफलीत झाडलेल्या विकतच्या पुंगळ्या पहिल्यांदा साइज करायला ती उपयोगी आहे. सैल चेंबरला ती नुसती हानी करते.

मानेचे काय? बुशिंग डाय घ्यावी का?

कारखान्याच्या सैल चेंबरात मान बरीच फुगते, डाय ती खूप आवळते आणि मग एक्सपँडर पुन्हा उघडतो. .३०८ मध्ये मान ०.३४३ पर्यंत फुगून ०.३३० पर्यंत आवळली जाऊन परत ०.३३४ वर येणे अजिबात नवलाचे नाही. हे सगळे काम मानेला फाटण्याकडे नेते. बुशिंग डायमध्ये एकेक हजारांशाच्या फरकाची कडी मिळतात. गोळी बसवलेल्या काडतुसाच्या मानेचा व्यास मोजा आणि त्यातून दोन हजारांश वजा करा, ०.३३६ असेल तर ०.३३४ ची बुशिंग. पितळ कडक झाले असेल तर आणखी एक हजारांश कमी. फार मोठा टप्पा, पाच-सहा हजारांशांहून जास्त, एकाच बुशिंगने गाठू नका. मान वाकडी होते. नेहमीच्या डायने पितळ फाटत नसेल आणि गट चांगला येत असेल तर बुशिंग घेण्याची घाई मला वाटत नाही.

स्पर्धेच्या रायफलीत मानेचे चेंबर मुद्दाम तंग कापलेले असते. तिथे भरलेल्या काडतुसाची मान चेंबरच्या मानेपेक्षा निदान दोन हजारांश लहान असलीच पाहिजे, नाहीतर गोळी सुटायला वाव राहत नाही आणि दाब भयंकर चढतो. अशा बॅरलवर मानेचा आकडा कोरलेला असतो. तो न वाचता त्यात विकतचे काडतूस घालू नये.

फक्त मान साइज केली तर हा सगळा व्याप टळत नाही का?

काही फेऱ्या टळतो. मग अंग आणि खांदा चेंबर गच्च भरतात, बोल्ट जड होतो आणि पूर्ण साइज करावीच लागते. दर वेळी पूर्ण साइज, पण मोजून, हे मला जास्त पटते. पुंगळी दर वेळी सारखी निघते, आणि बोल्ट कधी जड तर कधी हलका असा खेळ होत नाही.

बेल्टेड मॅग्नम आणि रिमवाल्या काडतुसांना हे लागू होते का?

त्यांनाच जास्त. .३०० विंचेस्टर मॅग्नम किंवा ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम कागदावर बुडाजवळच्या पट्ट्यावर टेकतात, म्हणून खांद्याच्या जागेबद्दल कारखाने सढळ असतात. डाय कागदाप्रमाणे लावली तर दोन-चार फेऱ्यांतच पट्ट्याच्या वर कडे दिसू लागते. पट्टा विसरा आणि खांद्यावरून माप घ्या, जणू ती बिनपट्ट्याची पुंगळी आहे. पट्ट्याच्या लगेच वर फुगवटा राहतो आणि साधी डाय तिथवर पोचत नाही. त्यासाठी वेगळी कॉलेट डाय मिळते.

.३०३ ब्रिटिशचेही तसेच. ते रिमवर टेकते आणि लढाईसाठी बनलेल्या ली-एनफिल्डची चेंबरे पुढच्या बाजूला ऐसपैस असतात. क्र. ४ रायफलीत ० ते ३ अशा वेगवेगळ्या लांबीच्या बोल्टहेडने रिमचे हेडस्पेस बदलता येते, पण खांद्यापुढची मोकळी जागा त्याने भरत नाही. ती डाय वर ठेवूनच सांभाळायची.

डाय शेलहोल्डरला टेकली तरी खांदा पुरेसा मागे जात नाही.

आधी प्रेस लवते का पाहा: पुंगळी आत असताना स्ट्रोकच्या शेवटी डाय आणि शेलहोल्डर यांत उजेडाची फट दिसली तर डाय थोडी आणखी खाली घ्या. दुसऱ्या कंपनीचा शेलहोल्डर लावून पाहा. जाडीचे नेमके माप ०.१२५ इंच असले तरी एखाद-दुसऱ्या हजारांशाचा फरक निघतो. तेही न जमल्यास शेलहोल्डरचा माथा किंवा डायचे तोंड ग्राइंडरवर काही हजारांश उतरवतात. ते काम मशीन शॉपचे, कानशीचे नाही, कारण दोन्ही कडक केलेले पोलाद असते. दोन-दोन हजारांश जास्त जाडीचे शेलहोल्डरचे संच मिळतात, पण ते उलट अडचणीसाठी आहेत: डाय टेकवूनच ठेवायची आहे आणि खांदा मात्र कमी लोटायचा आहे तेव्हा.

सेटिंग तेच, पण काही पुंगळ्या दोन हजारांश लांब निघतात.

पितळ सारखे नाही. झाडून झाडून कडक झालेले पितळ जास्त उसळते, वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे उसळते. फेऱ्यांप्रमाणे गठ्ठे वेगळे ठेवा, मान आणि खांदा अनील करा, म्हणजे तापवून मऊ करा (बूड कधीही नाही), ल्यूब सारखी लावा आणि रॅम वर असताना दोन-तीन सेकंद थांबा. हा थांबा फुकटचा आहे आणि फरक डोळ्याला दिसतो. ल्यूब खांद्यावर साचली तर तिथे खळगा पडतो. तो पुढच्या बाराला निघून जातो.

एकाच कॅलिबरच्या दोन रायफली आहेत. एक डाय पुरेल?

लहान चेंबरला जुळवली तर दोन्हींत चालेल, मोठ्या चेंबरातले पितळ लवकर थकेल. पुंगळ्या वेगळ्या ठेवून दोन सेटिंगे करणे बरे.

खास बनवून घेतलेली डाय कधी?

बुडाजवळ शून्य फरक किंवा चारहून जास्त हजारांश फरक पडत असेल आणि दुसऱ्या कंपनीची डायही तेच करत असेल तेव्हा. बनवणारा तुमच्या रायफलीतून दोन-तीनदा पूर्ण लोडने झाडलेल्या, मधे पूर्ण साइज न केलेल्या पुंगळ्या मागतो. एकदाच झाडलेली पुंगळी पाठवली तर त्याला चेंबर आहे त्याहून लहान वाटेल आणि डायही तशीच तंग येईल. बॅरल कापताना वापरलेल्या रीमरचा आराखडा असेल तर तोही द्या. नुसती मान आवळ असेल तर जुन्या डायची मान होनिंग करून मोठी करून मिळते, आणि ते स्वस्तातले काम आहे.

माझ्या पुंगळ्या केस गेजमध्ये बसतात. पुरे ना?

केस गेज, म्हणजे पुंगळी घालून माप तपासायचा साचा, स्टँडर्डचे आहे, तुमच्या चेंबरचे नाही. दुसऱ्या कुणासाठी काडतुसे भरत असाल तर ते उपयोगी पडते.

रायफल नो-गो गेजवर (चेंबर फार लांब नाही ना ते तपासायचे माप, ज्यावर बोल्ट बंद होता कामा नये) बंद होते. डाय त्याप्रमाणे लावून वापरू का?

नाही. तुमच्या पुंगळ्या तिच्यात नीट बसतील हे खरे, पण उद्या तिच्यात कुणीतरी विकतचे काडतूस घालणारच. त्याहूनही लांब असलेल्या फील्ड गेजवरही बंद होत असेल तर ती तशीच गनस्मिथकडे न्या.

लॉक रिंग घट्ट केली की आकडा बदलतो. काय करावे?

आट्यांतला ढिलेपणा आहे. पुंगळी डायमध्ये असताना, रॅम वर ठेवून रिंग आवळा, म्हणजे डाय कामाच्या जागी असतानाच कैद होते. मग ती पुंगळी बाजूला ठेवून दुसरी साइज करा आणि तिचा आकडा डायच्या डब्यावर लिहा. सोबत रायफल, पितळाची कंपनी, शेलहोल्डर आणि कुठल्या कंपॅरेटरने मापले तेही लिहा. कंपॅरेटर बदलला की जुना आकडा खोडून टाका.